काचेची मागची बाजू

बायको गेल्याचं कळलं तेव्हा मास्तर हार्डवेअरच्या दुकानात हुज्जत घालत होते. काच कोरायच्या मशीनचं जाड टोक तिने आणायला सांगितलं होतं आणि दुकानदार बारीकच गळ्यात मारत होता. तेवढ्यात लेकीचा फोन आला. ती आईला दाताच्या डॉक्टरकडे घेऊन गेली होती.

"बरं झालं फोन केलास. आईला विचार, बारीक टोक चालेल का?"

पलीकडून नुसते हुंदके. "बाबा, आई खुर्चीतून उठलीच नाही हो. नंबर लागायच्या आधीच..."

बारीक टोक मुठीत धरूनच मास्तर तिथे पोचले.

मास्तर शिंपी. त्यांचा जन्म कापडात गेला. काचेचं वेड बायकोचं. एका बंद पडलेल्या दुकानाची काच तिने मागच्या खोलीत लोखंडी चौकटीत उभी केली होती. अंगठ्याएवढी जाड, दारापेक्षा रुंद. तिच्यावर ती कमळाच्या पानांचं तळं कोरत होती. वर टांगलेल्या बाटलीतून पाणी ठिबकत राहायचं, म्हणजे काच तापून तडकत नाही. कोरायचं मात्र मागून. मग पुढून बघणाऱ्याला पान फुगून वर आल्यासारखं दिसतं. जवळचं आधी आणि खोल, लांबचं शेवटी आणि हलकं. काच आणि भिंत यांच्यातल्या फटीत तीच काय ती मावायची. मास्तर पुढे स्टुलावर बसून दिसेल ते सांगायचे.

"अहो, फुगलं का पान?"

"फुगलं. डावीकडे जरा चपटं आहे."

"कुणाच्या डावीकडे?"

"माझ्या."

"इतकी वर्षं संसार केला, तरी डावं म्हणजे तुमचंच डावं! या आत, तुम्हीच कोरा."

"आत यायला पोट कुठे ठेवू?"

"स्टुलावर ठेवून या."

पानं झाली, देठ झाले. पलीकडचा काठ तेवढा राहिला.

दिवसकार्य उरकलं आणि लेकीने विषय काढला. "बाबा, एकटे किती दिवस काढणार? आमच्याकडे चला. घरमालकालाही खोल्या रिकाम्या करून हव्यात."

मास्तर हो म्हणाले. नाही म्हणायला कारणही नव्हतं. भांडी गेली, पलंग गेला, शिलाईचं मशीन जावई घेऊन गेला. राहिली काच. चौकटीचे नट मागच्या बाजूला. बायकोनेच फटीत शिरून ते आवळले होते. वेल्डरने वाकून बघितलं, हात घालून बघितला, आणि बाहेर येऊन घाम पुसला.

"काका, इथे माणूस शिरत नाही. पुढून चौकट कापली तर हादऱ्याने काच तडकणार. एवढं खोल कोरलंय, ती काय दम धरणार? फोडूनच न्यावी लागेल."

"फोडून?"

"मग काय भिंत पाडताय?"

लेक म्हणाली, "बघा विचार करून. पण लवकर करा, मालक रोज फोन करतोय."

मास्तरांनी विचार केला तो वेगळाच. फुटायचीच असेल, तर निदान पुरी होऊन फुटू दे. त्यांनी बारीक टोक मशीनला लावलं आणि राहिलेला काठ कोरायला घेतला. फटीत जाता येत नव्हतं, म्हणून पुढूनच कोरला. हात चांगला चालला. पाणी पुसून मागे सरकून बघितलं, तर लांबचा काठ सगळ्यांच्या पुढे येऊन बसला होता. तळ्याच्या अलीकडे. त्याच्या मागे तिची पानं धुरकट झाली होती. कापड असतं तर उसवलं असतं.

दुसऱ्या दिवशी अंगातला शर्ट किती ढगळ झालाय हे त्यांच्या लक्षात आलं. दोन्ही बाजूंनी चिमटीत धरून त्यांनी माप घेतलं. मग फटीकडे बघितलं. पोट आत ओढून, आडवे होऊन ते शिरले.

मध्यावर जाऊन अडकले. पुढे जाता येईना, मागे येता येईना. छातीला काच, पाठीला भिंत. तिच्या बाजूने तळं नव्हतंच. नुसते खड्डे, वाळलेली पांढरी भुकटी आणि तिची बोटं ओढल्याच्या खुणा. काठाच्या जागेतून समोर स्टूल दिसलं. धड दिसलं नाही. मध्ये त्यांनी कालच कोरलेलं होतं. बायको कोरत असताना ती जागा स्वच्छ होती, तिथून तिला स्टुलावरचे मास्तर दिसत असणार.

"बाबा!" लेक दारात उभी होती. "अहो, तुम्ही आत कसे गेलात?"

"पोट संपलं."

"हसू नका. श्वास सोडा, मी बाही ओढते... थांबा, थांबा. आत आहातच तर नट लागतायत का हाताला? मी पाना देते. काच अख्खी निघेल, बाबा. फोडायला नको, आपल्याबरोबर नेऊ."

खालचा नट मास्तरांच्या तळहाताखाली होता. वरच्याला बोटं पोचत होती.

"नाही लागत," मास्तर म्हणाले.

"नीट बघा ना."

"नाही गं. ओढ मला."

तिने ओढलं. शर्ट खांद्यात फाटला, पण मास्तर बाहेर आले. लेकीने अंगावरची भुकटी झटकली, पाणी दिलं. वेल्डरला रविवारी बोलावू का, असं विचारलं. मास्तरांनी पाणी पिऊन घेतलं.

वेल्डरला अजून निरोप गेलेला नाही. काच जागेवर आहे, तोवर मास्तरही त्याच घरात आहेत. नट हाताला लागतात, हे लेकीला सांगायचं राहिलं आहे.