वच्छलेच्या हातचं नाव

आमच्या ह्यांचं नाव मी घेत नाही. लग्नात उखाण्यातून घेतलं तेवढंच. आमच्या करमाळ्याकडं बाया मरतील, पण नवऱ्याचं नाव जिभेवर येऊ देणार नाहीत. तेव्हा तुम्हीही विचारू नका.

हे मिलच्या गोदामात कामाला होते. इंग्रजी तीन यत्ता झालेल्या, पण अक्षर म्हणाल तर कोंबडीनं उकिरडा उकरल्यासारखं. संध्याकाळचा भोंगा झाला की घरी यायचे, हातपाय धुवायचे आणि चुलीपाशी पाट टाकून बसायचे. मी भाकरी थापायची, हे गोदामातल्या गमती सांगायचे. अख्ख्या चाळीत दुसऱ्या कुणाचा नवरा असा बसत होता? सगळ्या दिवसात ती एक वेळ माझी होती.

मग ते मुंबईचं इंग्रजी साप्ताहिक घरात आलं. त्यात एक स्पर्धा असायची. दर आठवड्याला तीन अक्षरं द्यायचे, आणि ती तिन्ही ज्यात येतात असे इंग्रजी शब्द आपण शोधून पाठवायचे. ज्याचे शब्द जास्त, त्याचं नाव अंकात छापून येणार. ह्यांना त्या छापील नावाचा ध्यासच लागला. पहिली यादी अक्षर लागत नाही म्हणून परत आली, तेव्हा मदतीला धावली शेजारची वच्छला.

वच्छला मुलींच्या शाळेत मास्तरीण. नवरा रेल्वेत, कायम फिरतीवर. इंग्रजी फाडफाड बोलायची. भोंगा झाला की दोघं बाहेर ओट्यावर बसायची, मध्ये कंदील. सगळी चाळ येता-जाता बघत होती. वावगं काही नव्हतं, हे मलाही दिसत होतं. म्हणून काय राग कमी होतो? "हा चालेल का हो, भाऊ?" ती विचारायची. "वा! ह्यो तर मला सुचलाच नव्हता," हे म्हणायचे. आणि आत मी आणि तो रिकामा पाट. भाकरीवर हात असा पडायचा की परातच दणाणायची.

त्यावर कळस म्हणजे पाकीट. पाकिटाच्या मागं पाठवणाऱ्याचं नाव लागायचं, आणि ते वच्छला लिहायची. पहिलं अक्षर दोन डोंगरांचं. त्याच्या टोकाला ती एक शेपटी काढायची, ऐटीत वर वळलेली. टपालात पडेपर्यंत पाकीट कोनाड्यात असायचं. केर काढताना बघ, कंदील पुसताना बघ, मी बघून बघून जळत होते. जे नाव मला तोंडातून काढायची चोरी, ते ही बाई बिनदिक्कत लिहिते आणि वर फुंकर घालून शाई वाळवते!

शेवटी मीही शब्द शोधायचं ठरवलं. त्या आठवड्याची अक्षरं अंकात ठळक छापली होती. एक उभी काठी, तळाशी आडवी झालेली. एक म्हणजे दोन डोंगर. एक पळी. डोंगर आणि पळी तर पाकिटावर रोज बघितलेली. वाचता येत नव्हतं, पण खडे निवडायला तांदळाची जात कशाला कळायला हवी? काडेपेटी पाहिली, घासलेटचा डबा पाहिला, ह्यांनी आणलेल्या कापडावरचे शिक्के पाहिले. आणि मोहरीच्या डब्यावर तिन्ही सापडली. डबा मूळचा बिस्किटांचा होता.

मी तशीच डबा घेऊन ओट्यावर गेले. "ह्यो घ्या शबुद," म्हणाले.

दोघांनी कंदिलापाशी डोकी घातली. हे आधी हसले. मग वच्छलाही हसली. "वहिनी, अक्षरं तिन्ही आहेत. पण हे बिस्किटवाल्याचं नाव आहे हो. नावं चालत नाहीत."

"न्हाय चालत?" माझा आवाज चाळभर गेला. "मग तुला कशी चालत्यात? माज्या नवऱ्याचं नाव दर आटवड्याला लिवतीस की! मी लगनाची बायकू हितं गप, आन तुजा टाक त्येच्यावर नाचतुया!"

वच्छलेनं टाक उचलला, दौत उचलली आणि ती घरात गेली. दार लावून घेतलं.

दुसऱ्या दिवशी हे चुलीपाशी येऊन बसले. गोदामाचं एक अक्षर बोलले नाहीत. भाकरी खाल्ली, उठले. तिसऱ्या दिवशीही तेच. यादी अर्धवट पडली होती आणि कोरं पाकीट कोनाड्यात. पाटावर माणूस परत आला होता, पण तो माझा नव्हता.

मी वच्छलेच्या दारात गेले. "मला लिवायला शिकव."

"काय लिहायला, वहिनी?"

"त्येच."

"ते म्हणजे?"

मी कपाळावरच्या कुंकवाकडं बोट केलं. मग तिला कळलं. तिनं पाटी पुढं ठेवली आणि म्हणाली, "थांबा, पहिलं अक्षर काढून दाखवते."

"नगं," मी म्हणाले. पेन्सील घेतली आणि सगळं नाव लिहिलं, शेवटच्या टिंबासकट.

वच्छला बघतच राहिली. "कुठं शिकलात हो?"

"तुज्याच पाकिटांवर," मी म्हणाले, आणि तिच्याकडनं टाक-दौत मागून घेऊन घरी आले. कोऱ्या पाकिटावर नाव लिहिलं. एकही ठिपका सांडला नाही. शाई वाळवायला मीही फुंकर घातली. लग्नानंतर इतकं सुख मला कशाचंच झालं नव्हतं.

भोंगा झाला. हे आले. कोनाड्याकडं नजर गेली आणि चेहरा असा उजळला! "वच्छला आली हुती व्हय?"

"न्हाय. म्या लिवलंय."

"काय बी बोलतीस!"

मी चुलीतून विझलेला कोळसा ओढला आणि ह्यांच्या पाटापुढच्या सारवलेल्या जमिनीवर, ह्यांच्या डोळ्यांदेखत, पूर्ण नाव लिहून दाखवलं. हे खाली वाकले. डोंगराच्या टोकावरच्या शेपटीवरून अलगद बोट फिरवलं. किती दिवसांनी हसले.

"हुबेहूब वच्छलाचं अक्षर की गं!"