राकानची रोजची गाडी

मी एक जुनी गाडी आहे, पण साधी नाही. माझी ताकद वाढवून घेतलेली आहे. ज्या सकाळी मला दुसऱ्यांदा विकलं, त्या सकाळी माझ्यात काय काय होतं ते आधी नीट मोजून सांगते. चार चाकं, रुंद टायरांची. पुढे शर्यतीची दोन आसनं, ज्यांत माणूस बसत नाही, रुततो. मागे एक बाक, त्यावर एक जॅक आणि तेलाचा रिकामा डबा. एक टर्बो, कारखान्यानं दिलेल्याच्या दीडपट. जादा मीटर तीन, पैकी एक नुसता शोभेचा. माझं पोट आणि रस्ता यांच्यात अंतर नऊ सेंटिमीटर. सिलिंडर चार, पैकी धड तीन. ही शेवटची गोष्ट दोघांनाच ठाऊक होती: मला आणि मला विकणाऱ्या राकानला.

मित्रांनो, सूड वाईट असतो असं तुम्हांला घरी आणि शाळेत सांगत असतील. मला ते पटत नाही. का, ते ऐका आणि मग तुम्ही ठरवा.

माझा जन्म जपानमधल्या एका कारखान्यात झाला. तिथलं मला फारसं आठवत नाही. गाडीला जन्म आठवत नाही, पहिला हात आठवतो. माझा पहिला हात यानालचा. तो अम्मानच्या स्वैलेह भागातला दातांचा डॉक्टर. मोठा टर्बो त्यानंच बसवला, पण त्याबरोबर मोठा रेडिएटर आणि चांगले ब्रेकही बसवले. सकाळी तेल गरम होईपर्यंत तो मला कधी पळवत नसे. चढ चढून आलो की इंजिन लगेच बंदही करत नसे. टर्बो तापून लाल झालेला असतो. त्यातून फिरणारं तेल एकदम थांबलं तर ते जागीच जळून चिकटतं. म्हणून तो मला तशीच चालू ठेवून शेजारी चहा पीत उभा राही.

"चल ना, यानाल," मित्र म्हणत. "गाडी आहे का पेशंट?"

"पेशंटच. दुखत असतं तेव्हा नेमकं बोलता येत नाही."

यानाल कॅनडाला गेला आणि मी राकानकडे आले. राकान एका फोन कंपनीच्या ऑफिसात होता. केस चापूनचोपून बसवलेले, बोलणं गोड. आठवडाभर तो वडिलांची गाडी वापरायचा आणि गुरुवारी, म्हणजे शुक्रवारच्या सुट्टीच्या आदल्या संध्याकाळी, मला बाहेर काढायचा. त्यानं माझ्या स्प्रिंगा कापून मला खाली बसवलं, शर्यतीचा कडक क्लच घातला आणि आवाज दाबणारा डबा काढून टाकला. माझी ताकद त्यानं तसूभरही वाढवली नाही, बोभाटा तेवढा वाढवला.

मग तौजीहीचा निकाल लागला. बारावीच्या त्या निकालाच्या दिवशी आमच्याकडे सगळ्या गाड्या रस्त्यावर येतात. राकानच्या चुलतभावाला बावन्न टक्के पडले होते. त्या आनंदात राकाननं मला भर चौकात उभी केली आणि जागच्या जागी, थंड तेलावर, इंजिन फाटेस्तोवर फिरवलं. मागून ज्वाळा निघाल्या, पोरं नाचली. माझ्या तिसऱ्या सिलिंडरमधली, पिस्टनभोवतीची एक कडी मोडली. त्यानं तो आवाज ऐकला. चेहरा उतरला, पण पाय उचलला नाही. लोक बघत होते.

त्यानंतर मी निळा धूर सोडू लागले आणि त्यानं मला विकायला काढलं.

आमच्याकडे जुनी गाडी तपासल्याशिवाय कुणी घेत नाही. केंद्रात सांगाड्याची चारही टोकं बघतात आणि इंजिनाला टक्के देतात, शाळेतल्यासारखे. आदल्या संध्याकाळी राकाननं माझ्या तेलात मधासारखं दाट औषध ओतलं. दाट तेल झिजलेल्या जागा बुजवतं आणि सिलिंडरमधला दाब तेवढ्यापुरता चांगला येतो. मला चौऱ्याऐंशी टक्के मिळाले. मित्रांनो, त्या परीक्षेत मी कॉपी केली नाही. माझ्याकडून करून घेतली.

मला घेतलं अरीजनं. अरीज अम्मानच्या एका इस्पितळात डायलिसिसच्या वॉर्डात नर्स होती आणि सॉल्ट गावातून रोज ये-जा करायची. सगळे तिला सांगत होते, बॅटरीची छोटी गाडी घे. तिचे वडील अबू गालिब लष्करात ट्रक चालवून निवृत्त झालेले. त्यांनीही कपाळाला आठ्या घातल्या.

"बाबा, दिवसभर मी यंत्रांशेजारी उभी असते," अरीज म्हणाली. "जाता-येता तरी मला काहीतरी आवडू दे."

"आवडू दे की. पण आवाज बघ तिचा. गल्लीला वाटेल लढाई सुरू झाली."

पहिल्या दिवशी ती तेलाचा काटा वर येईपर्यंत थांबली. यानालनंतर असं कुणी थांबलं नव्हतं. तिला मी कायमची हवी होते आणि मलाही ती हवी होती. पण तिसऱ्या आठवड्यात दाट औषध जळून संपलं. स्वैलेहच्या चढावर धुराचा लोट निघाला, तेलाचा लाल दिवा लागला आणि अरीजनं मला कडेला घेतलं. वॉर्डात एक म्हातारा पेशंट तिची वाट बघत बसला होता. तिनं आधी वॉर्डात फोन केला, मग राकानला. मी सगळं ऐकत होते.

"राकानभाऊ, गाडीत तेलच उरलेलं नाही. नुसता धूर."

"तपासून घेतलीत ना बाई? चौऱ्याऐंशी टक्के. मग आता काय?"

"तपासणीत काहीतरी चुकलंय."

"तपासणी नाही चुकली. अशी गाडी चालवायला हात लागतो. तुम्ही आपली पांढरी, बॅटरीची घ्या. मी तीच घेतलीये." तो हसला. "तुमच्याच पैशांतून."

मित्रांनो, मी तापले होते, पण त्या हसण्यानं जेवढी तापले तेवढी चढानं कधी तापले नव्हते. मी ठरवलं की हा माणूस पुन्हा माझ्यात बसला पाहिजे.

बयादर भागातल्या एका गॅरेजमध्ये सिलिंडरांचा दाब मोजला. बाकी तीन सिलिंडरांत दीडशेच्या वर, तिसऱ्यात बहात्तर. तेल भरलं की मी चालत होते, पण खोकत. अरीजनं मला घराच्या अंगणात लावलं आणि पोलिसांत फसवणुकीची तक्रार दिली.

तक्रार जड जाणार हे दिसताच राकानकडची माणसं सॉल्टला आली. सहा जण, पुढे त्याचे थोरले काका अबू मशहूर, मागे राकान. द्राक्षाच्या मांडवाखाली खुर्च्या मांडल्या. अबू गालिबनी कॉफी ओतली. अबू मशहूरनी कप उचलला आणि न पिता खाली ठेवला. मागणं मान्य झाल्याशिवाय पाहुणा पीत नाही, आणि एकदा प्यायला की शब्द फिरवता येत नाही. मी चार पावलांवर उभी होते.

"अबू गालिब, पोरगं चुकलं. तक्रार मागे घ्या, एवढंच मागायला आलोय."

"दावा माझ्या मुलीचा आहे. तिला विचारा."

अरीज दारात आली. "तक्रार मागे घेते, काका. एकच अट. तिसरा सिलिंडर बाकीच्यांच्या बरोबरीला येईपर्यंत राकाननं हीच गाडी रोज चालवायची. ऑफिसला, बाजारात, आईला डॉक्टरकडे न्यायला. दुसरी गाडी नाही, टॅक्सी नाही. त्याची पांढरी तोवर माझ्याकडे."

पाहुणे एकमेकांकडे बघू लागले. राकानच्या तोंडावर हसू फुटलं.

"पोरी, ही शिक्षा आहे का बक्षीस?" अबू मशहूर म्हणाले. "हा तर या गाडीसाठी रडतोय."

"मग प्या की कॉफी."

त्यांनी कप एका घोटात रिकामा केला.

पाहुणे गेल्यावर अबू गालिब म्हणाले, "हे काय मागितलंस? त्यानं ती उडवत नेली, बघितलंस?"

"बाबा, त्यानं ती रोज कधी चालवलेलीच नाही. तो गुरुवारी चालवायचा."

आता माझी पाळी होती. मित्रांनो, मी मुद्दाम एकही गोष्ट बिघडवली नाही. त्यानं जे जे माझ्यात घातलं होतं, ते त्याला रोज परत दिलं, एवढंच. अम्मानच्या गतिरोधकांना रंग नसतो. प्रत्येकावर माझं पोट घासायचं आणि तो दात आवळायचा. मग तो तिरका चढायला शिकला. मागच्या गाड्या भोंगे वाजवून त्याच्या खानदानाचा उद्धार करायच्या. वादी सक्रा रस्त्यावरच्या वाहतूककोंडीत त्याचा डावा पाय कडक क्लचवर थरथरायचा. क्लच पुरता सोडला की मी धक्का द्यायचे, दाबून धरला की त्याची पोटरी वळायची. मी त्याला मधली वाट दिली नाही. द्यायची म्हटलं तरी त्यानं ती ठेवलीच नव्हती.

गुडघ्याच्या डॉक्टरकडे नेण्यासाठी त्यानं आईला पुढच्या आसनात बसवलं.

"अरे, गाडीत बसवतोयस का विहिरीत सोडतोयस?" उम्म राकान, म्हणजे त्याच्या आई, म्हणाल्या. "वर यायला दोर तरी आणलायस ना?"

दोर नव्हता. दवाखान्यापाशी त्यांना दोन फळवाल्यांनी ओढून काढलं. त्या दिवशी आई त्याच्याशी बोलली नाही आणि मी परतीचा सगळा रस्ता धूर सोडत मजेत आले.

त्याची सोयरीक ठरत होती. मुलीचे वडील सगळ्यांसमोर म्हणाले, "राकान येतोय हे आम्हांला तो घरून निघतो तेव्हाच कळतं. दारावर घंटा कशाला लावायची?" ऑफिसच्या फाटकावरचा पहारेकरी त्याला आल्याआल्या तेलाचा डबा दाखवून विचारायचा, "नाश्ता आधी कुणाचा, साहेब?"

हिवाळाभर तो काकांकडे खेटे घालत राहिला.

"काका, पावसात तरी टॅक्सीनं जातो."

"मी कॉफी प्यायलोय, राकान."

"पाय सुजलाय, काका, वल्लाह."

"दुरुस्त कर मग. कुणी अडवलंय?"

दुरुस्तीला पैसा लागणार होता. शेवटी बदामाला फुलं आली तेव्हा त्यानं पांढरी गाडी विकायला अरीजकडून परत मागून घेतली आणि आलेल्या पैशांत माझं इंजिन उघडायला दिलं. मिस्त्रीनं मोडक्या कडीचा तुकडा त्याच्या तळहातावर ठेवला. त्यानं तो पुसून खिशात टाकला. मला दया आली का? नाही आली.

तपासणी या वेळी अरीजनं निवडलेल्या केंद्रात, अबू मशहूरच्या समोर झाली. इंजिन रात्रभर थंड ठेवलेलं, तेल नवं आणि साधं. चारही सिलिंडर एकशे साठच्या आसपास. अरीजनं किल्ली घेतली.

"काका, घरी चला, कॉफी घेऊ," ती अबू मशहूरना म्हणाली.

"नको पोरी. तुझ्या घरची कॉफी महाग पडते."

तेव्हापासून मी रोज सॉल्टहून अम्मानला जाते आणि परत येते. अरीजनं मला कारखान्याच्या स्प्रिंगा आणि साधा क्लच घातला. आवाज दाबणारा डबाही परत आला, त्यामुळे अबू गालिब आता मला अंगणात धुतात.

मित्रांनो, मोठेपणी तुम्ही माझ्यासारखी जुनी, जोरकस गाडी घ्याल. ती थंड असताना तपासा. विकणाऱ्याला विचारा, "रोज चालवत होतास का?" आणि तो काय सांगतो यापेक्षा उत्तर द्यायला किती वेळ घेतो ते बघा. घेतल्यावर तिला निघण्याआधी तापू द्या, पोचल्यावर निवू द्या. एवढंही जमत नसेल तर आम्हांला हात लावू नका. आम्ही बोलत नाही, पण विसरतही नाही.

एक गोष्ट राहिली. मला परत करायच्या आदल्या दिवशी राकान लग्नाच्या सुटाचं माप द्यायला शिंप्याकडे गेला होता. मी दुकानाच्या दारातच उभी होते. शिंपी माप मोठ्यानं म्हणत लिहीत होता. छाती झाली, कंबर झाली. मांड्यांपाशी तो थांबला आणि त्यानं फीत सोडून पुन्हा लावली.

"सरळ उभे राहा बरं, जरा."

त्यानं तिसऱ्यांदा मोजलं. उजवी छप्पन्न सेंटिमीटर. डावी साडेसत्तावन्न.