मांडीपर्यंत गेलेला वाळा

मी चांदीचा वाळा बोलतोय. पण माझ्या आठवणीवर फार विसंबू नका. माझा जोडीदार कुठे हरवला, तेही मला नीट सांगता येत नाही.

बीडच्या सोनाराने मला घडवले ते पालीच्या दानम्माच्या थोरल्या मुलासाठी. त्याच्या घोट्यावर मी अगदी बेताचा बसलो. पुढे कावेरी झाली, घरीच, दिवस भरण्याआधी. बारशाला दानम्माने मला तिच्या पायात घातले, तर मी घोटा, गुडघा ओलांडून थेट मांडीवर. निदान मला तसे आठवते. दानम्माने मला चटकन काढून पदराखाली घेतले. तेव्हापासून ती सगळ्यांना सांगू लागली, "माझी कावेरी जन्माची दांडगी."

कावेरी खरेच दांडगी झाली आणि लग्न होऊन केजला गेली. मी पेटीतच राहिलो.

१९९७च्या दिवाळीत ती नवऱ्याबरोबर माहेरी आली. सारखे डोके दुखायचे, म्हणून बीडला दाखवले. रक्तदाब वाढलेला होता, लघवीतून थोडी प्रथिने जात होती. डॉक्टरीणबाईंनी जन्माच्या वेळचे वजन विचारले आणि पुन्हा तपासणीला बोलावले.

"मी न्हाई जायची," कावेरी घरी येऊन म्हणाली. "जन्माची दांडगी मी, मला काय होतंय?"

"ते दिसतंयच की," तिचा नवरा रवि म्हणाला.

"तुमी गप बसा."

दानम्मा उठली. पेटी उघडून तिने मला कावेरीच्या तळहातावर ठेवले.

"ह्यो तुझ्या मांडीवर बसायचा. मूठभर होतीस. तुझी आजी मलाच बोल लावायची, म्हनून दांडगी म्हनत गेले. उद्या चल, बाई."

दुसऱ्या दिवशी दानम्माने मला डॉक्टरीणबाईंच्या टेबलावर ठेवून सगळे सांगितले. त्यांनी मला स्पिरिटने पुसले आणि वॉर्डातल्या सर्वांत लहान बाळाच्या पायात घातले. मी गुडघ्यावरून वर सरकलो. बाळाचे वजन पावणेदोन किलो होते.

"राहू द्या की बाई, शोभतोय," बाळाची आई म्हणाली.

"जन्मताना तुम्हीही साधारण एवढ्याच असाल. अशा बाळांच्या मूत्रपिंडात रक्त गाळणाऱ्या गाळण्या कमी असू शकतात," डॉक्टरीणबाई कावेरीला म्हणाल्या. "सगळ्यांनाच पुढे रक्तदाबाचा त्रास होतो असं नाही. पण मीठ कमी करा, गोळी चुकवू नका आणि दरवर्षी तपासून घ्या."

परतताना एसटीत कावेरी आईपासून दूरच्या बाकावर बसली. पालीला उतरताना मात्र तिने आईच्या हातातली पिशवी घेतली.

तपासणी तिने एकाही वर्षी चुकवली नाही. मला मात्र शंका छळत राहिली: थोरल्याच्या पायात वापरून बारशाला मीच सैल झालेलो असलो तर? तुमच्या पेटीतही असा एखादा वाळा असेल, तर त्याची खरी गोष्ट मुलांना सांगून ठेवा.

बऱ्याच वर्षांनी कावेरीने मला आपल्या तीन किलोच्या नातीच्या पायात घातले. टाचेला तेल लावावे लागले. मी घोट्यावर बसलो, आणि तिथून वर सरकलो नाही.