प्रभुभोजनाआधीचा शनिवार

अर्धी इस्त्री झालेली पांढरी साडी.

वीणाच्या गळ्यावर चार निळी बोटं, एक अंगठा.

दोन लाकडी चमच्यांमध्ये बांधलेलं मनगट.

अरुणाच्या डाव्या हातावर होडीच्या आकाराचा चटका.

"सलाम, अरुणाबाई."

"सलाम, पाळकसाहेब. या. चहा टाकते."

लंडनमधल्या क्रॉयडनच्या मराठी ख्रिस्ती मंडळीत नगरहून आलेला रिवाज होता: भांडण मिटवल्याशिवाय प्रभुभोजन, म्हणजे चर्चमधली भाकर आणि प्याला, घ्यायचं नाही. भोजन उद्या होतं. आणि गुरुवारी दुपारी अरुणाने भाचीच्या नवऱ्याचं, शार्दूलचं, मनगट मोडलं होतं. वीणा त्याचं घर सोडून मावशीकडे आली होती. तो दार ढकलून आत शिरला आणि त्याने तिचा गळा आवळला. अरुणा साडीला इस्त्री करत होती. तीच इस्त्री तिने त्याच्या मनगटावर हाणली.

"पोलिसांनी तुम्हाला सोडलं, ठीक," पाळकसाहेब म्हणाले. "पण दुसरा गाल पुढे करायला सांगितलंय प्रभूने. शार्दूलची एकदा क्षमा मागा, मग उद्या निर्धास्त या."

"गाल माझा असता तर केला असता, साहेब. गळा वीणाचा होता."

"सॉरी म्हणून टाक ना, मावशी," वीणा घोगऱ्या आवाजात म्हणाली. "माझ्यामुळे तुझं चर्च नको सुटायला."

"तू गप्प बस. गरम पाणी पी."

बावीस वर्षं अरुणा हॉस्पिटलच्या प्लास्टर रूममध्ये नर्स होती. केवढ्या दणक्याने मनगट मोडतं, हे तिला पक्कं ठाऊक होतं.

"किती वेळा मारलंत?"

"एकदाच. गळ्यावरचा त्याचा हात सुटला, मी थांबले. मग त्याचं मनगट बांधलं. अँब्युलन्सही मीच बोलावली."

"मनात राग होता?"

"तेव्हा भीती होती. राग रात्री आला. त्याला शाप दिले मी. त्याचा पश्चात्ताप आज पहाटे गुडघे टेकून केलाय. मारल्याचा नाही करणार. उद्या मी प्रभूच्या मेजापाशी येणार, साहेब. मला वगळून प्याला पुढे न्यायचा असेल तर तुम्ही न्या."

पाळकसाहेबांनी चहा संपवला. उठताना विचारलं, "हाताला काय झालं?"

"चटका बसला."

रविवारी तिची साडी अर्धी चुरगळलेलीच होती. पाळकसाहेब प्याला घेऊन तिच्यासमोर आले, थांबले. मग वाकले. अरुणाने प्याला दोन्ही हातांनी धरला.

गुरुवारी इस्त्री तापलेली होती. हाणण्याआधी अरुणाने तिचा तळ स्वतःकडे फिरवून घेतला होता.