विर्यात्मो यांचा इंटरनेट-कायदा

"इंटरनेट ही नदी आहे. आणि ज्या नदीला बांध नाही, ती नदी एक दिवस घरदार, संस्कार, पूर्वजांची पुण्याई असं सगळं घेऊन समुद्राला मिळते. आजपासून या घरात बांध."

हे उद्गार विर्यात्मो यांनी ज्या पायावर उभं राहून काढले तो त्यांचा डावा पाय होता. उजवा गुडघ्यापर्यंत प्लास्टरमध्ये होता. नदीबद्दल एवढा खोल विचार केलेल्या या गृहस्थांना घरामागचं गटार मात्र दिसलं नव्हतं. चाळीस वर्षं रोज ओलांडलेलं गटार. पण त्या दिवशी त्यांचा होला उंच खांबावरच्या पिंजऱ्यात घुमत होता, त्यांची मान वर होती, आणि माणसाला एका वेळी एकाच दिशेला बघता येतं.

होल्याचं नाव क्याइ मदु; मदु म्हणजे मध. 'क्याइ' हा मान जावामध्ये राजवाड्यातल्या भाल्यांना देतात, जुन्या वाद्यांना देतात, आणि विर्यात्मोंच्या घरात होल्याला देत. स्वतः विर्यात्मोंना तो कोणी देत नसे, पण त्याचं त्यांना काही नव्हतं. वजने व मापे खात्यात एकतीस वर्षं निरीक्षक म्हणून काढल्यावर त्यांनी मधाएवढ्या गोड आवाजाचा एक पक्षी वाढवला होता, चार वर्षं त्याला हातानं काळे तीळ भरवले होते, आणि आता येत्या रविवारी क्लातेनच्या मैदानावर त्याची घुमण्याची मोठी स्पर्धा होती. पाय मोडल्यामुळे मालकाला जाता येणार नव्हतं. जुमादी नावाचा मित्र पिंजरा घेऊन जाणार होता, आणि मालक घरी बसून मोबाइलवर थेट प्रक्षेपण बघणार होते.

खरा प्रश्न तिथेच होता. मागच्या रविवारी लहान स्पर्धा झाली, तेव्हा पडद्यावर एक परीक्षक एक पाय उचलून अकरा मिनिटं तसाच उभा राहिला होता. विर्यात्मोंना आधी वाटलं, काय एकाग्रता आहे. मग जुमादीचा फोन आला की स्पर्धा संपून मांडवसुद्धा सोडला. म्हणजे घरातली लाइन कोणीतरी पिऊन टाकत होतं. कोण, ते शोधायला निरीक्षक लागत नव्हता. बायको सुतिनाह दुपारभर कठपुतळ्यांचे खेळ बघायची. सून एंदांग मोबाइलसमोर बसून शेंगदाण्याच्या कुरकुरीत पापड्या विकायची. नात किनासिह कोरियातल्या लोकांची लग्नं मोडताना बघून रडायची.

म्हणून ही कुटुंबसभा. जावाच्या रीतीप्रमाणे सगळ्यांचं एकमत होईपर्यंत चर्चा करायची असते, आणि जावाच्याच रीतीप्रमाणे वडील माणसाला तोंडावर नाही म्हणायचं नसतं, त्यामुळे एकमत व्हायला चार मिनिटं लागली. जे जे हलतं आणि बोलतं ते सगळं घरच्या लाइनवर बंद. इंटरनेटच्या खोक्यातली ही बटणं फक्त एंदांगला कळत, म्हणून अंमलबजावणी तिच्याकडे आली.

एंदांगनं मान खाली घालून, अंगठ्यानं चटईची कड नीट करत विचारलं, "बापाक, सगळ्यांसाठी म्हणजे... सगळ्यांसाठीच ना?"

"सगळ्यांसाठी. वजन सगळ्यांना एकच."

"म्हणजे समजा, कोणाला रविवारी सकाळी काही बघायचं असेल..."

"त्यालाही बंद. मुख्य म्हणजे त्यालाच बंद."

"बरं," एंदांग म्हणाली. तिच्या बाजूनं हा अगदी आरडाओरडा होता. चांगल्या घरातली सून सासऱ्याला याहून स्पष्ट सांगू शकत नाही. विर्यात्मोंच्या मनात मात्र क्याइ मदुची स्पर्धा हलणाऱ्या आणि बोलणाऱ्या गोष्टींत मुळी मोडतच नव्हती. ती स्पर्धा होती.

कायद्याला रूप हवं म्हणून त्यांनी आणखी दोन गोष्टी करून घेतल्या. बंद जागा कोणी उघडायला गेलं तर पडद्यावर त्यांचा गणवेशातला फोटो यावा आणि खाली मजकूर असावा: 'ही जागा कुटुंबप्रमुखांच्या आदेशाने बंद आहे. वेळेचा सदुपयोग करा. विर्यात्मो, निवृत्त निरीक्षक, वजने व मापे.' आणि खोक्याचा पासवर्ड एंदांगनं कागदावर लिहून पाकिटात घालावा. पाकिटावर त्यांनी लाख वितळवून मोहोर उठवली, आडवी सही केली आणि ते सुतिनाहच्या हवाली केलं. कोणी रडलं तरी द्यायचं नाही.

"तुम्ही मागितलंत तर?" सुतिनाहनं विचारलं.

"मलाही नाही."

"तुम्ही रडलात तर?"

विर्यात्मोंनी या प्रश्नाची नोंद घेतली नाही. सुतिनाहनं पाकीट तांदळाच्या डब्यात टाकलं.

कायद्याचा परिणाम दुसऱ्याच दिवशी दिसू लागला. घर शांत झालं. कोणी तक्रार केली नाही, कोणी तोंड वाकडं केलं नाही. उलट माणसं सुधारली. किनासिह रोज दुपारी मैत्रिणीकडे अभ्यासाला जाऊ लागली. एंदांग पापड्यांची टोपली उचलून पायी विकायला निघाली आणि दोन तासांत टोपली रिकामी करून येऊ लागली. सुतिनाहला तर अचानक शेजारधर्माचा उमाळा आला. ती सकाळी पेचेल आणायला जाई, आणि ती नीट तिखट नव्हती म्हणून दुपारी परत आणायला जाई. आठवड्यात नऊ जेवणांना ही पेचेल, म्हणजे उकडलेला पाला आणि शेंगदाण्याची चटणी, खाऊन विर्यात्मोंचं पोट जड झालं, पण मन हलकं झालं होतं.

पेचेल येत होती ती भिंतीपलीकडच्या दार्मीबाईंच्या खानावळीतून. विर्यात्मो स्वतः तिकडे पाऊल टाकत नसत. वर्षापूर्वी दार्मीबाईंनी गिऱ्हाइकांसाठी दारात बाक टाकला, तेव्हा विर्यात्मोंनी फीत लावून मोजला होता. बाक गल्लीत चौदा सेंटिमीटर येत होता. त्यांनी वस्तीप्रमुखाकडे लेखी तक्रार केली, आकृतीसकट. दार्मीबाईंनी बाक मागे घेतला. त्या दिवसापासून दोघं एकमेकांना इतक्या आदरानं नमस्कार करत की बघणाऱ्याला थंडी वाजावी.

रविवार उजाडला. आठाला स्पर्धा. साडेसातला सुतिनाह म्हणाली की पेचेल आणते. पावणेआठला किनासिह अभ्यासाला गेली, रविवार असून. एंदांगनं सासऱ्यासमोर चहा ठेवला, मोबाइलकडे बघितलं, सासऱ्याकडे बघितलं, म्हणाली, "बापाक, काही लागलं तर भिंतीवरून हाक मारा," आणि टोपली घेऊन गेली.

सगळी लाइन आता एकट्या विर्यात्मोंची होती. त्यांनी चष्मा पुसला, प्लास्टरचा पाय स्टुलावर ठेवला आणि स्पर्धा लावली.

पडद्यावर गणवेशातले विर्यात्मो आले. नजर करडी, मिशी सरळ. वेळेचा सदुपयोग करा.

त्यांनी परत दाबलं. तेच विर्यात्मो परत आले. तिसऱ्या वेळी त्यांना वाटलं, फोटोतला माणूस थोडा उर्मट आहे. आठ वाजून गेले होते. क्लातेनला पिंजरे खांबावर चढले असतील. चार फेऱ्या, मग संपलं.

कुबड्या घेऊन ते स्वयंपाकघरात गेले. तांदळाचा डबा उघडला. पाकीट वरच होतं, जणू कोणी ठेवतानाच हाताशी येईल असं ठेवलं होतं. लाखेची मोहोर अखंड, वर आडवी सही. एकतीस वर्षं त्यांनी दुसऱ्यांनी फोडलेल्या मोहोरा पकडल्या होत्या. तराजू फिरवणारे, मापाला खळगा पाडणारे, सगळे सुरुवातीला हेच म्हणत की फक्त एकदाच, साहेब. विर्यात्मोंनी पाकीट उलटं करून बघितलं, सुलटं करून बघितलं, उजेडात धरून बघितलं. कागद जाड होता. तोही त्यांनीच निवडला होता.

त्यांनी पाकीट तांदळात परत ठेवलं आणि तसेच उभे राहिले. डोळ्यांत काहीतरी आलं. तांदळाची पूड असेल.

आणि मग भिंतीपलीकडून आवाज आला. भोंग्यावरून बोलणारा निवेदक. "दुसरी फेरी. खांब क्रमांक सत्तावीस, क्याइ मदु, अजून गप्प..."

कुबड्यांवर गल्लीतून शेजारच्या दारापर्यंत जायला विर्यात्मोंना एरवी सहा मिनिटं लागत. त्या दिवशी किती लागली ते त्यांनी मोजलं नाही.

दार्मीबाईंच्या खानावळीत मोठ्या टीव्हीवर क्लातेनचं मैदान दिसत होतं. समोर सुतिनाह. बाजूला एंदांग, एका हातात पापडी, दुसऱ्या हातातल्या मोबाइलवर तिची गिऱ्हाइकं. किनासिह आणि तिचा अभ्यास, म्हणजे एक रडणारी कोरियन बाई. आणखी सात-आठ गिऱ्हाइकं, सगळ्यांच्या हातात मोबाइल. विर्यात्मोंना बघताच घरची तिघं उभी राहिली. पहिल्या ओळीत एक वेताची खुर्ची रिकामी होती आणि तिच्यासमोर एक स्टूल, पाय ठेवायला. खुर्चीवर रुमाल टाकून जागा धरलेली होती. रुमाल त्यांचाच होता.

दार्मीबाईंनी पळी खाली ठेवली. "या बापाक विर्यात्मो. पेचेल न्यायला आलात ना?"

विर्यात्मोंनी आयुष्यात ऐकलेलं हे सर्वात सभ्य वाक्य होतं.

"हो," ते म्हणाले. "पेचेल."

"तिखट?"

"बेताची."

ते बसले, पाय स्टुलावर आला, पानावर पेचेल आली. तिसऱ्या फेरीत क्याइ मदुनं पंख फुगवले, इकडेतिकडे बघितलं आणि पुन्हा गप्प. विर्यात्मोंच्या हातातली पेचेलही गप्प होती. चौथी फेरी लागली. परीक्षक वही घेऊन सत्तावीस क्रमांकाच्या खांबाखाली आला, मान वर केली, पुढे जायला पाय उचलला.

आणि तसाच राहिला. पडद्याच्या मध्यभागी एक गोल फिरू लागला.

विर्यात्मोंनी डोळे मिटले. ते कोणावर ओरडणार होते? इथे त्यांचा कायदा नव्हता.

"सगळ्यांनी मोबाइल टेबलावर पालथे," दार्मीबाई भाजी चिरता चिरता म्हणाल्या. "ज्याचा हातात दिसेल त्याला चटणी नाही."

टप टप टप असे अकरा मोबाइल पालथे झाले. कोरियन बाईसुद्धा. सभा नाही, पाकीट नाही, लाख नाही. गोल थांबला, परीक्षकाचा पाय जमिनीला लागला, आणि वरून आवाज आला. हूऽऽर... केतेकूक. सावकाश, भरदार, शेवटी जरासा रेंगाळणारा. परीक्षक मागे फिरला. पुन्हा एकदा, हूऽऽर, केतेकूक, कूक. त्यानं दुसऱ्या परीक्षकाला खूण केली. दोघं माना वर करून उभे राहिले, अगदी गटारात पडण्याआधी विर्यात्मो उभे होते तसे. मग सत्तावीसच्या खांबाला गुणांचा एक झेंडा लागला, आणि त्यावर दुसरा.

तिसरा क्रमांक. खानावळीत टाळ्या झाल्या. सुतिनाहनं पदराच्या टोकानं नवऱ्याचे डोळे पुसले आणि हळूच म्हणाली, "बघा, रडलात. पाकीट द्यायचं नव्हतं म्हणून बरं."

विर्यात्मो कुबड्यांवर उभे राहिले. ते म्हणाले की आजचा विजय हा शिस्तीचा विजय आहे. घरातला कायदा तसूभरही ढिला होणार नाही, मोहोर फुटणार नाही, कारण बांध फुटला की नदी कोणाची राहत नाही. सगळ्यांनी माना डोलावल्या. एंदांग "बरं" म्हणाली.

मग ते दार्मीबाईंकडे वळले, घसा साफ केला आणि आवाज बराच खाली आणला.

"पुढची स्पर्धा पंधरा दिवसांनी आहे. ते तुमचं इंटरनेटचं खोकं जरा आमच्या भिंतीकडे सरकवाल का? फार नाही. चौदा सेंटिमीटर."