चढावर मी तापले तेव्हा

मित्रांनो, माझा निळा रंग आता विटला आहे आणि मागचे दार दोनदा आपटल्याशिवाय लागत नाही. अशी मी एका घरातली जुनी मोटार. कारखान्यातून निघाले तेव्हा माझ्या पत्र्यात माणसांना आपले तोंड दिसायचे. घरात मुले मोठी झाली, त्यांच्या गाड्या आल्या आणि मी भिंतीकडेला धूळ खात उभी राहिले. माझी काळजी वाहिली ती फक्त घरातल्या वडीलधाऱ्या बाबांनी.

एकदा माझ्याखाली पाणी ठिबकताना दिसले. बाबांनी पाण्याचा पंप बदलला आणि त्याबरोबर थर्मोस्टॅटही. थर्मोस्टॅट म्हणजे एक छोटी झडप. इंजिन तापले की ती उघडते आणि रेडिएटरमधले निवलेले पाणी इंजिनात येते.

"गॅरेजमध्ये देऊया ना," त्यांची सून म्हणाली.

"माझ्या हातातली गाडी आहे ही," बाबा म्हणाले.

दुसऱ्या दिवशी सून मला घेऊन निघाली. बाबा शेजारी बसले होते. डोंगराचा चढ लागला आणि माझ्या पोटात आग पडली. थंड पाणी आत येईचना. तापमानाचा काटा तांबड्या रेघेवर गेला. आता आपले इंजिन तडकणार आणि आपण भंगारात जाणार, अशी भीती मला वाटली.

"बाबा, काटा बघा." सुनेने मला कडेला घेऊन बंद केले.

बाबांनी उतरून बॉनेट उघडले. "पाणी कमी पडलं असणार," असे म्हणत त्यांनी रुमालाने रेडिएटरचे झाकण धरले.

मित्रांनो, त्या क्षणी मी भंगाराची भीती विसरले. झाकणाखाली उकळते पाणी दाबून धरलेले होते. झाकण सैल होताच ते बाबांच्या तोंडावर उडाले असते. ज्यांनी मला इतकी वर्षे जपले, त्यांनाच मी भाजणार होते. मला ओरडता येत नव्हते, की मागे सरता येत नव्हते.

सुनेने त्यांचे मनगट धरले. "नको बाबा. आधी निवू दे."

"मला शिकवू नकोस."

"शिकवत नाहीये. हात धरलाय फक्त."

बाबांनी रुमाल काढून घेतला. दोघे बराच वेळ दगडावर बसून राहिले. मग झाकण उघडले, तर पाणी काठोकाठ होते. सुनेने रेडिएटरला जोडलेले दोन्ही पाइप चाचपले.

"वरचा अजून गरम आहे. खालचा थंडगार, त्यातून इंजिनात पाणी गेलंच नाही."

बाबांनी खालच्या पाइपला हात लावून पाहिला. मग हळूच म्हणाले, "झडप उलटी बसवली मी, म्हणून ती उघडलीच नाही. काल नीट दिसत नव्हतं."

"कधीपासून दिसत नाही?"

"बरेच दिवस झाले. सांगायची भीती वाटत होती गं."

मला दुसऱ्या गाडीने ओढत घरी आणले. सुनेने झडप सुलटी बसवली, बाबा शेजारी उभे राहून सांगत होते. त्याच आठवड्यात मी त्यांना डोळ्यांच्या डॉक्टरकडे नेले.

अजूनही चढ दिसला की माझे लक्ष आधी काट्याकडे जाते. मित्रांनो, गाडी तापली तर थांबा, तिला निवू द्या. आणि घाईत कोणी झाकणाला हात घातला, तर तो हात धरा. मला ते जमत नाही.