तणिकाचलमची मिशी आणि प्रिमसचा खांदा

लिलावात हातोडा पडला आणि टीव्हीसमोरचे सगळे एकदम ओरडले. रॉन्डेल प्रिमस आमचा झाला होता. गेल्या मोसमात गोवळकोंडा संघाकडून खेळताना ज्याने आमच्या मरीना संघाच्या तोंडचा घास अंतिम सामन्यात काढून घेतला, तोच डावखुरा वेगवान गोलंदाज आता मरीनाची जर्सी घालणार होता.

हे सगळं तणिकाचलमच्या भज्यांच्या दुकानात चाललं होतं. ट्रिप्लिकेनच्या आमच्या गल्लीत त्याच्या दुकानाला लागून माझं लहानसं वाचनालय आहे. वाचनालयात टीव्ही नाही आणि दुकानात पुस्तकं नाहीत, म्हणून संध्याकाळी मी तिकडे जाऊन बसतो. तिकडून इकडे फारसं कुणी येत नाही. क्रिकेटमधलं मला बेताचंच कळतं, तेव्हा सांगण्यात काही चुकलं तर वाचकांनी सांभाळून घ्यावं.

"रावसार, कप आपलाच!" तणिकाचलम नाचत मला म्हणाला. एवढ्यात कढईमागून आवाज आला, "अय्यो, मुरुगा!"

त्याची बायको सेंगमलम झारा तेलात सोडून उभी होती.

"काय झालं? भाजलं?"

"नवस," ती म्हणाली. "अहो, माझा नवस पुरा झाला."

मग मलाही आठवलं. त्या अंतिम सामन्यात शेवटचं षटक प्रिमस टाकायला आला, तेव्हा सेंगमलमने भिंतीवरच्या कॅलेंडरातल्या मुरुगनला हात जोडले होते. "या मेल्याने आमची विकेट पुन्हा कधी घेऊ नये असं कर बाबा. तिरुत्तणीला तुझ्या देवळात येऊन ह्यांचं मुंडण करते." पुढच्याच दोन चेंडूंवर प्रिमसने आमचे दोन गडी उडवले. आम्ही हरलो, आणि नवस सगळे विसरून गेले.

"तेव्हा कुठे पुरा झाला होता?" तणिकाचलम म्हणाला.

"तेव्हा नाही, आज झाला. आता तो आपलाच माणूस. आपली विकेट कशी घेणार?"

कोपऱ्यात चहा पीत बसलेल्या जाफरभाई रिक्षावाल्याला इतकं हसू आलं, की चहा नाकात गेला. "अण्णा, देवाने केलं हो काम! जरा उशिरा केलं, पण पक्कं केलं."

"पण माझंच मुंडण का? नवस तू बोललीस."

"क्रिकेट कुणाचं? तुमचं. मग डोकं कुणाचं?"

केसांचं तणिकाचलमला काही नव्हतं, ते तसेही थोडेच उरले होते. काळजी होती ती मिशीची. तिरुत्तणीला मुंडणाला बसलं की न्हावी डोक्याबरोबर मिशीही उतरवतो. आणि तणिकाचलमची मिशी म्हणजे गालांवर चढून कानांना भेटायला निघालेली. चेपॉकच्या मैदानात मरीनाने चौकार मारला की हा दोन बोटं तोंडात घालून शिट्टी वाजवतो, मिशी थरथरते आणि टीव्हीचा कॅमेरा नेमका तिच्यावर जातो. गेली चार वर्षं असंच चाललंय. मदुराईहून, कोइमतूरहून नातेवाईक फोन करतात. एकदा तर समालोचकानेही मिशीचं कौतुक केलं. भजीवाल्याला आयुष्यात एवढं कोण विचारतं?

"रावसार, तुम्ही एवढं वाचता," तो दुसऱ्या दिवशी माझ्याकडे येऊन हळूच म्हणाला. वाचनालयात तो प्रथमच आला होता आणि चप्पल बाहेर काढून आला होता. "मुंडणात मिशी धरतात का, तेवढं बघून सांगा."

मी आठवडाभर पुस्तकं चाळली. एका ठिकाणी धरावी असं वाटलं, दुसऱ्या ठिकाणी धरू नये असं. मी त्याला म्हटलं, "माझं मत विचाराल तर... म्हणजे मत असं नाही, पण संशयाला जागा आहे."

"जागा आहे ना? बस झालं!" तो खूश होऊन गेला आणि नवस पुढे ढकलत राहिला. पोंगल झाला, थंडी गेली, गल्लीत मरीनाचे झेंडे लागले.

मग मार्चच्या सुरुवातीला बातमी आली. कुठल्याशा दुसऱ्या लीगमध्ये खेळताना प्रिमसचा खांदा दुखावला होता. मोसमाला येईल की नाही, सांगता येत नव्हतं.

त्या संध्याकाळी दुकानात कुणी टीव्ही लावला नाही. सेंगमलम भजी तळत राहिली. शेवटी जाफरभाईच म्हणाला, "अण्णा, माझा देव वेगळा, मला तुमच्यातलं काय कळणार. पण उधारी थकली की दुकानदार माल परत नेतो, एवढं कळतं."

तणिकाचलम उठला. "उद्या पहिल्या बसने."

मलाही बरोबर नेलं. का, ते कळलं नाही. बहुधा संशयाची जागा दाखवायला.

तिरुत्तणीला गर्दी बेताची होती. तणिकाचलम न्हाव्यासमोर मांडी घालून बसला. डोकं भराभर मोकळं झालं. वस्तरा ओठावर आला तसा न्हावी थांबला. एवढी मिशी त्यालाही रोज बघायला मिळत नसावी.

"ही पण?"

तणिकाचलमने माझ्याकडे पाहिलं, मी खांबाकडे पाहिलं. सेंगमलम म्हणाली, "राहू दे. मी मुंडण म्हटलं होतं, मिशीचं नाव काढलं नव्हतं. मुरुगन काही कोर्टात जात नाही."

तणिकाचलम उठला. दोन पावलं गेला, थबकला आणि परत येऊन बसला.

"समजा त्याचा खांदा अर्धाच बरा झाला, तर?"

"अहो, मी सांगतेय ना—"

"गेल्या वर्षी एका धावेने गेला कप. यंदा मी देवाकडे बाकी ठेवणार नाही." त्याने डोळे घट्ट मिटले. "काढ."

मिशी गेली. डोक्याला चंदन लावून तो वळला, तेव्हा सेंगमलमने पदर तोंडात कोंबला. "अहो, तुम्ही हुबेहूब सासूबाई दिसता!"

परतीच्या बसमध्ये काचेत तोंड दिसायला नको म्हणून तो खिडकीकडे पाठ करून बसला होता. तिरुवळ्ळूरच्या पुढे जाफरभाईचा फोन आला. तो इतका मोठ्याने बोलत होता की मलाही ऐकू आलं. "अण्णा, आत्ताच बातमी आली! प्रिमस ठीक आहे! पहिला सामना खेळणार!"

तणिकाचलम सीटवरून उठलाच. "बघितलंस? बघितलंत, रावसार? नुसत्या डोक्याने झालं असतं का हे? मिशीचा गुण आहे हा, मिशीचा!"

पुढच्या सीटवरचे दोघे वळून बघू लागले.

"असं म्हणता?" सेंगमलम म्हणाली. "मग आता संघ जिंकतोय तोवर मिशी वाढवायची नाही. रोज सकाळी दाढीबरोबर तीही."

"रोज?"

"सामना हरले की वाढवा खुशाल."

तणिकाचलम हळूहळू खाली बसला. त्याने ओठावरून हात फिरवला. मग माझ्या कानाशी येऊन, बायकोला ऐकू जाणार नाही अशा बेताने म्हणाला, "रावसार, साखळीतला शेवटचा एखादा फालतू सामना हरले, तर कपला काही फरक पडत नाही ना हो?"